चुन्याचा हिशेब आणि परवान्याचा प्रश्न

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या, एका अंगाने मुळा नदी वाहते आहे आणि दुसऱ्या अंगाला दारूगोळ्याचा कारखाना शंभर-दीडशे वर्षे पाय रोवून उभा आहे अशा खडकीसारख्या लष्करी वस्तीत एखाद्या गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचे मनावर घेतले, तर आळीतले लोक त्याची थट्टा करतील यात नवल नाही. तथापि, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची हौस आता पुण्यात अपरिचित राहिलेली नाही, आणि या हौसेचा शेवटचा टप्पा म्हणून पाषाणप्रवाळांकडे व महाशिंपल्यांकडे मोहाने पाहणारे लोकही आहेत. ज्यांना ही हौस नाही ते तिला श्रीमंतांचा खेळ म्हणून निकालात काढतात. मला तसे वाटत नाही. ही हौस पैशाची कमी आणि हिशेबाची अधिक आहे, आणि ज्याला हा हिशेब कळतो त्याला परवान्याचा आग्रहही कळावयास हवा; दुर्दैवाने आज आपल्याकडे हिशेब जाणणारे लोक परवान्यावाचून आणि परवाना देणारे खाते हिशेबावाचून, अशी स्थिती आहे.

प्रथम हिशेबाकडे वळू. प्रवाळ म्हटले की आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत बसवावयाचे पोवळे डोळ्यांपुढे येते. ते लाल पोवळे निराळ्या कुळातले, आणि समुद्रात खडक उभारणाऱ्या पाषाणप्रवाळांशी त्याचे नाते बरेच दूरचे. पाषाणप्रवाळ म्हणजे सूक्ष्म तोंडे आणि शुंडके असलेल्या शेकडो-हजारो पॉलिपांची वसाहत असून, त्यांच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा यजमानाला देते, आणि त्या बळावर तो यजमान पाण्यातील चुना ओढून घेऊन आपल्या बुडाखाली अ‍ॅरागोनाइटचा दगड रचीत जातो. दगड रचणे हा त्याचा नित्यक्रम असल्यामुळे ज्या पाण्यात तो राहतो त्या पाण्यातला चुना दररोज कमी होतो. समुद्राला या घटीची खबरही लागत नाही. काचेच्या शंभर लिटरच्या पेटीत मात्र ती दोन-चार दिवसांत मापावर दिसू लागते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असते, आणि क्षारता जर्मन मापाने सुमारे ७ अंश भरते. घरच्या पेटीत कॅल्शियम ४०० ते ४५० आणि क्षारता ८ ते ९ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा शिरस्ता आहे. आता गंमत अशी की प्रवाळ आपला दगड रचताना या दोन वस्तू मनास येईल तशा उचलीत नाही. कॅल्शियम लिटरला २० मिलिग्रॅमनी उतरले की क्षारता २.८ अंशांनी उतरते, हे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवून दिलेले आहे. शंभर लिटरच्या पेटीत एवढी घट झाली याचा अर्थ पाण्यातून २ ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडले आणि त्याच्या जमेस ५ ग्रॅम दगड तयार झाला. ज्याने ही दोन मापे रोज संध्याकाळी वहीत मांडली, त्याला आपले प्रवाळ वाढते आहे की नुसते तग धरून आहे, हे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी कागदावर कळते. आणि हे प्रमाण बिघडलेले दिसले, तर खोट मोजमापात आहे, मिठात आहे किंवा त्याने स्वतःच ओतलेल्या एखाद्या बाटलीत आहे, असे खुशाल समजावे. मॅग्नेशियमचे काम निराळे: ते पुरेसे असले म्हणजे चुना पाण्यात आपोआप साका धरून खाली बसत नाही. बाटल्यांचा सोस असलेले लोक कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही एकदम, एकाच ठिकाणी ओततात, मग पाणी दुधासारखे पांढरे होते आणि प्रवाळाच्या मुखी पडावयाचा चुना पंपाच्या पात्यांवर जाऊन बसतो.

या घटीची भरपाई करण्याचे आजवर जे उपाय निघाले त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय आपल्या आजीबाईच्या बटव्यातला आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगविण्याची आपली रीत जगापुढे मांडली. पुढे १९७० च्या दशकात युरोपात पेटर विल्केन्स यांनी पेटीतून उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई चुन्याच्या निवळीने करण्याचा पायंडा पाडला, आणि प्रवाळ नुसते जगण्याऐवजी वाढू लागले. निवळी करण्याची कृती कोणत्याही गृहिणीला सांगावी लागणार नाही. शुद्ध केलेल्या पाण्याच्या झाकणबंद कॅनमध्ये लिटरला दीड ग्रॅमच्या हिशेबाने चांगल्या प्रतीचा विरविलेला चुना टाकावा, हलवावा आणि रात्रभर स्वस्थ ठेवावा. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला असतो, वर हवेतल्या कर्बवायूने धरलेली कागदाहून पातळ साय असते, आणि या दोहोंच्या मध्ये जे नितळ पाणी असते तेवढेच घ्यावयाचे. गाळ ढवळू नये, साय फोडून आत मिसळू नये. या निवळीचा सामू १२ च्या वर असल्यामुळे ती तांब्याने ओतली तर शेजारचा जीव भाजून निघतो. म्हणून ती थेंबथेंब, आणि शक्यतो रात्री सोडावी, कारण अंधारात शैवलाचे काम थांबते आणि पाण्याचा सामू तसाही उतरू लागलेला असतो. पानाच्या डब्यातला चुना मात्र यासाठी वापरू नये. त्यात कशाची भेसळ आहे हे विडा खाणाऱ्याला समजले नाही तरी चालते, प्रवाळाला ते फार लवकर समजते.

खडकीत हा उपाय विशेष लागू पडण्याचे कारण येथील हवा. एप्रिल महिन्यात, ज्या दिवसांत दुपारी पारा ४० अंशांकडे सरकतो आणि हवेत ओलावा नावाला उरत नाही त्या दिवसांत, उघड्या तोंडाच्या शंभर लिटरच्या पेटीतून दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज उडून जाते. पाणी उडते, मीठ मागे राहते. शंभराचे पंचाण्णव लिटर होईपर्यंत स्वस्थ बसणाऱ्या माणसाच्या पेटीत हजार भागांना ३५ भाग असलेली लवणता जवळजवळ ३७ वर जाऊन पोहोचते, आणि मासे जरी हे सोसत असले तरी प्रवाळ आपली शुंडके आत ओढून घेतात. ही तूट खाऱ्या पाण्याने भरून काढणारे नवशिके मी पुष्कळ पाहिले आहेत. मीठ कधी उडून गेलेच नव्हते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तूट गोड पाण्यानेच भरावयाची असते, आणि ते गोड पाणी निवळीचे असले की एका कामात दोन कामे होतात. नळाचे पाणी थेट वापरू नये. दख्खनच्या काळ्या कातळातून वाहून येणारे आपल्या धरणांचे पाणी मुळात मऊ असले, तरी नळापर्यंत येताना त्यात क्लोरिन मिसळलेला असतो आणि वाटेत कोणत्या धातूची नळी लागली हे कोणी सांगू शकत नाही. आरओ यंत्र व त्यापुढे राळेचा गाळप हा खर्च टाळता येण्यासारखा नाही.

उष्णतेचाही असाच विचार करावा लागतो. प्रवाळाला २५ ते २७ अंशांच्या आसपास बरे वाटते, आणि उन्हाळ्यातल्या त्याच्या सवयीच्या कमाल उष्णतेपेक्षा एखादाच अंश अधिक होऊन ती काही आठवडे टिकली, तर तो आपल्या ऊतींतले शैवल बाहेर टाकून पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. खडकीच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा साधा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवितो, मात्र आषाढातल्या दमट हवेत तोच पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो; आणि डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली गेला की त्याच पेटीला तापविण्याचे यंत्र लावावे लागते. शिवाय आपल्याकडचा वीज बंद ठेवण्याचा गुरुवार आहेच. दुरुस्तीसाठी वीज गेली, पंप थांबले आणि पाण्याचा पृष्ठभाग निश्चल झाला, की प्राणवायू काही तासांत तळाला जातो. म्हणून ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही त्याने बॅटरीवरचा हवेचा पंप घेतल्याशिवाय या भानगडीत पडूच नये.

महाशिंपल्याची गोष्ट याहून मोठी आहे. कोकणात तिसऱ्या-मुळे खाऊन वाढलेल्या माणसाला शिंपला म्हणजे वाळूत तोंड खुपसून बसलेला, पाणी गाळून जगणारा गरीब जीव एवढेच ठाऊक असते. ट्रायडॅक्ना कुळातला शिंपला मात्र आपल्या दोन कवचांच्या दारातून रंगीत मखमलीसारखा मांसल प्रावार बाहेर पसरून उन्हात बसतो, कारण त्याच्याही अंगात तेच शैवल आहे. या प्रावाराच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. पेटीवरून नुसती हाताची सावली फिरविली तरी निरोगी शिंपला एका झटक्यात अंग आक्रसून घेतो आणि क्षणभराने पुन्हा हळूहळू उलगडतो. हात फिरवूनही जो हलत नाही, किंवा ज्याचा जबडा ढिला पडून आतला भाग बाहेरून दिसू लागतो, त्याचे दिवस भरत आले असे समजावे. तो दगडाला बारीक धाग्यांनी धरून असतो. हलवावयाचा झाला तर ते धागे दगडालगत पात्याने कापावेत. ओढून काढला तर धागे निर्माण करणारी ग्रंथीच फाटून येते आणि शिंपला मरतो. पाण्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर येऊ नये. पाणी फार निर्मळ असावे हाही एक भ्रम आहे, कारण नायट्रेट व अमोनियाचे अल्प अंश हे त्या शैवलाचे खत असते, आणि ते पार काढून टाकणारा अतिउत्साही मनुष्य शिंपल्याला स्वच्छ पाण्यात उपाशी मारतो. माशांच्या त्वचारोगावर जे तांबेयुक्त औषध दुकानात सर्रास मिळते त्याचा एक डोस प्रवाळ आणि शिंपले दोघांनाही संपवितो. म्हणून आजारी माशासाठी वेगळी पेटी हवी. नव्या पेटीत सहा-आठ महिने शिंपला आणू नये. आणि ट्रायडॅक्ना गायगास नावाचा जो सर्वांत मोठा वाण एक मीटरहून लांब आणि दोनशे किलोहून जड होतो, तो कोणाच्याही दिवाणखान्यात शोभणारा नाही.

इथवर वाचून कोणी दुकानाच्या पायऱ्या चढू लागला असेल तर त्याने जरा थांबावे. २००१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समस्त पाषाणप्रवाळांचा समावेश केला, आणि त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे तसेच ट्रायडॅक्ना मॅक्सिमा व ट्रायडॅक्ना स्क्वामोसा हे महाशिंपलेही घातले. म्हणजे कायद्याच्या दप्तरी मालवणच्या खडकावरचा एक वीतभर प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसलेला आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्याला किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावास आहे. जिवंत नको, मेलेला चालेल, असे म्हणून पर्यटक किनाऱ्यावरून जे पांढरे प्रवाळ पिशवीत घालून आणतात आणि शोकेसमध्ये मांडतात, तेही याच तरतुदीच्या कक्षेत येतात, हे सांगणारी पाटी मी फार थोड्या किनाऱ्यांवर पाहिली. परदेशाहून आणतो म्हटल्यानेही सुटका नाही. पाषाणप्रवाळ व महाशिंपले वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक नगाला निर्यातीचा दाखला लागतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने या कराराची कलमे आपल्या कायद्यातच आणून बसविली आहेत.

हा कायदा कठोर आहे आणि तो कठोरच असावा, असे माझे मत आहे. कच्छच्या आखातात सिमेंटच्या भट्ट्यांसाठी प्रवाळाची वाळू उपसली जात होती ही काही पुराणातली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात पाहावे तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतात, जेथे १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेथे ओहोटीच्या वेळी गढूळ, पावसाळ्यात जवळजवळ गोडसर होणाऱ्या पाण्यात पोराइट्स, फेवाइट्स, टर्बिनेरिया असे प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहेत. आणि त्यांच्यावर पाय देऊन उभे राहत छायाचित्रे काढणारी आणि नांगर टाकणारी माणसे दर सुट्टीत येत आहेत. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहेत आणि डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या पथकाने त्यांची पाहणी केली आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातील चौथे महाविरंजन चालू असल्याचे जाहीर झाले. अशा काळात हौसेखातर समुद्रातला एक तुकडाही खरवडून आणण्याची मुभा कोणास असता कामा नये.

परंतु बंदीचा कायदा हा अर्धाच कारभार झाला. प्रवाळाचा एक गुण असा की त्याची फांदी कापून दुसऱ्या दगडावर चिकटविली की तीच नवी वसाहत होते, आणि म्हणून पेटीत वाढलेल्या एका मातृवसाहतीपासून समुद्राला हात न लावता पुढच्या शेकडो वसाहती करता येतात. महाशिंपल्यांची पैदास पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकापासूनच केंद्रांत होऊ लागली होती. हीच विद्या आपल्या सरकारला गरज पडली तेव्हा उपयोगी पडलेली आहे. मुंबईच्या सागरी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ आडवे आले, तेव्हा २०२० साली वनखात्याच्या रीतसर परवानगीने गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांतल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसविल्या. त्याच वर्षी गुजरातेत मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि गुजरातचे वनखाते यांनी समुद्रतळाशी लोखंडी सांगाडे ठेवून त्यांतून मंद विद्युत्प्रवाह सोडला आणि त्यावर चुन्याचा थर धरवून प्रवाळ रुजविण्याचा प्रयोग आरंभिला. प्रवाळ उचलावा कसा, कापावा कुठे, चिकटवावा कशाने, नव्या जागी पहिले आठवडे प्रकाश कितपत द्यावा, आणि त्या पाण्यातला चुना घटतो आहे की नाही हे ओळखावे कसे, हे सारे हातच्या सरावाचे काम आहे. असा सराव असलेले लोक या राज्यात आहेत. ते लपून आहेत, आणि कायद्याच्या भीतीने लपून राहणे त्यांना भागच आहे.

यावर माझी दरखास्त साधी आहे. राज्याच्या वनखात्याने निदान एका सार्वजनिक ठिकाणी, मग ते मुंबईत असो वा पुण्यात, पाषाणप्रवाळ व महाशिंपल्यांचे संवर्धनगृह काढावे. त्यातील मातृवसाहती बांधकामांमुळे हलवाव्या लागणाऱ्या किंवा जप्तीत सापडणाऱ्या जिवांमधून घ्याव्यात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, छायाचित्र आणि वंशाची नोंद असावी. जातीची ओळख पटविण्यासाठी दूर जावयास नको. खडकीहून लोणावळ्याच्या लोकलने दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड ही स्थानके मागे टाकली की आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. ज्या मुंबईने १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे करून दाखविले, तिला हे काम झेपणार नाही असे मी मानीत नाही. आरंभीची काही वर्षे तुकडे फक्त संस्थांना, महाविद्यालयांना आणि मालवणच्या पुनर्रोपणाला द्यावेत. खासगी माणसाला देण्याची मला घाई नाही. घरोघर परवाने वाटले की परवान्याच्या आडोशाने चोरीचा माल शिरतो, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आधी दप्तर नीट बसू द्यावे व मगच दार किलकिले करावे. मात्र संवर्धनगृहात काम करावयास माणसे घेताना हौशी लोकांना मज्जाव करू नये. पदवी नसलेला पण दहा वर्षे वहीत क्षारता मांडीत आलेला मनुष्य त्या कामी पुष्कळांहून सरस ठरेल.

तोवर ज्याला ही हौस आवरत नाही त्याने खाऱ्या पाण्याची पेटी अवश्य मांडावी, कायद्याने मोकळे असलेले मासे ठेवावेत, निवळी करावयास शिकावे आणि आपल्या पाण्याची वही लिहावी. पाण्याचा हा कारभार वर्षभर, गुरुवार आणि एप्रिल धरून, सांभाळता आला तर पुढचे सारे त्यास येईल. दुकानात किंवा मोबाइलवर कोणी पाषाणप्रवाळ वा महाशिंपला विकावयास काढला, तर पहिला प्रश्न रंगाचा आणि भावाचा विचारू नका, परवान्याचा विचारा. कागद निघाला नाही तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे.